मधुमेही रुग्णाच्या रक्ततपासणीतील आकडे

विषाणुजन्य तापाने दाखल झालेल्या मधुमेही रुग्णाच्या रक्ततपासण्या पुन्हा पुन्हा कशासाठी करतात, अशी पृच्छा नातेवाईक आमच्या कार्यालयात नेहमी करतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकीय निर्णय हा त्याचा प्रांत नव्हे. तथापि ज्या आकड्यांसाठी पैसे मोजावे लागतात, त्यांचा अर्थ जाणण्याचा अधिकार रुग्णाच्या कुटुंबीयांना व देणगीदारांना निश्चितच आहे.

२०२० साली कोविड-१९ च्या साथीत मधुमेहींचा आजार बळावण्याचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हापासून काही तपासण्यांची नावे घरोघरी पोहोचली. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. शरीरातील दाह वाढला की ते काही तासांतच वाढू लागते आणि दाह ओसरला की झपाट्याने उतरते. डी-डायमर हा रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा अंश. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट्स या मात्र गंभीर कोविडमध्ये घटतात.

मधुमेहींच्या बाबतीत येथे एक मेख आहे. स्थूलता व दीर्घकालीन मधुमेह यांमुळे सौम्य दाह शरीरात मुळातच असतो. त्यामुळे सीआरपी आणि फेरिटिन एरवीही थोडे चढलेले असू शकतात. एकाच दिवसाच्या अहवालावरून निष्कर्ष काढणे म्हणजे आरंभीची शिल्लक न पाहता नफा-तोटा ठरविण्यासारखे होय. आकडा कोणत्या दिशेने चालला आहे, हे दुसऱ्या तपासणीनेच कळते. या खर्चास आम्ही अनाठायी म्हणत नाही. परंतु रुग्ण सुधारत असताना केवळ रिवाज म्हणून सर्व तपासण्या रोज करणे आम्हांस मान्य नाही.

एककाकडेही लक्ष असावे. सीआरपी काही प्रयोगशाळा लिटरमागे, तर काही डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात. दोहोंत दहापटींचा फरक पडतो. रुपये व पैसे एकाच रकान्यात मांडल्यावर जे होईल, तेच येथे होते.

या सर्वांत स्वस्त आणि तरीही दुर्लक्षित आकडा म्हणजे रक्तातील साखर. एचबीए१सी हा मागील सुमारे तीन महिन्यांचा ताळेबंद, तर बोटातून घेतलेल्या थेंबावरील साखर ही रोजकीर्द. गरज दोहोंची असते. दाखल होतेवेळी साखर फार वाढलेली असल्यास धोका वाढतो. पूर्वी मधुमेहाचे निदान न झालेल्यांतही हे दिसून आले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तारक ठरते, असे दाखविले. प्राणवायू न लागणाऱ्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. हेच औषध साखर वाढविते. २०२१ साली महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने जे थैमान घातले, त्यात अनियंत्रित साखर व स्टेरॉइडचा वापर ही प्रमुख कारणे होती.

रुग्णास दाखल करतेवेळी जुने रक्त-अहवाल, विशेषतः एचबीए१सी आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचे, तसेच चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी. आरंभीची शिल्लक डॉक्टरांना त्यातूनच मिळते आणि काही तपासण्यांचा खर्चही वाचतो.