चैत्र ते ज्येष्ठ : लोटे परिसरातील पक्षी आणि चतुर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासाचाच लेख येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. ती आम्ही निम्मीच पूर्ण करीत आहोत. उरलेली निम्मी जागा आमच्या मैदानावरील टिटवीला आणि वहाळावरील चतुरांना दिली आहे. का, ते पुढे येईलच.

लोटे म्हटले की बाहेरच्या माणसाला औद्योगिक वसाहत आठवते, रासायनिक कारखाने आठवतात आणि मुंबई-गोवा महामार्ग आठवतो. ते खोटे नाही. परंतु याच खेड तालुक्यातील ही भूमी जांभ्या दगडाच्या सड्याची आहे. मधूनच आईन-किंजळीची राई, काजूच्या बागा, करवंदीच्या जाळ्या, आणि दक्षिणेस परशुरामाचा घाट उतरला की चिपळूण व वाशिष्ठीचे खोरे. फाल्गुन सरत आला की या मुलखात पाखरांची ये-जा इतकी वाढते की वर्गात बसलेल्या मुलाचे लक्ष खिडकीबाहेर गेले तर त्याला दोष देणे आम्हांला जमत नाही.

हंगामाचा आरंभ काटेसावरीच्या लाल फुलांपासून होतो. पर्णहीन झाडावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि परदेशाहून आलेल्या भोरड्या यांची एकच झुंबड असते. एप्रिल उजाडला की भोरड्या उत्तरेची वाट धरतात. हिवाळाभर मैदानावर शेपूट हलवीत फिरणारे धोबीही दिसेनासे होतात. पाहुणे गेले की घरचे लोक घरटी बांधायला मोकळे होतात. तांबट वाळक्या फांदीत भोक कोरू लागतो. त्याचे ‘टुक् टुक्’ भर दुपारीही थांबत नाही. वेडा राघू रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या दरडीत बोगदा खणतो. कोकिळेविषयी एक दुरुस्ती आम्ही दर वर्षी करतो आणि दर वर्षी ती नव्याने करावी लागते. पहाटे गातो तो काळाभोर नर होय. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची असून तिच्या आवाजाला कोणी गाणे म्हणणार नाही. कवींनी नराचे गाणे मादीच्या नावावर चढविले आणि पाठ्यपुस्तकांनी ते तसेच चालू ठेवले.

आवारातील पिंपळाजवळ थोडे थांबले पाहिजे. सकाळची वंदना झाल्यावर मुले त्याखाली बसतात, म्हणून हा वृक्ष सर्वांना परिचित. पण त्याला फळे धरतात हे कित्येकांच्या गावी नसते. वाटाण्याएवढी ती फळे पिकली की हरोळ्यांचा थवा उतरतो. हरोळी म्हणजेच हरियाल, आपला राज्यपक्षी. पिवळ्या पायांचा हा पक्षी पानांत असा मिसळतो की फळांची टरफले डोक्यावर पडू लागल्यावरच तो वर असल्याचे कळते. तांबट, कुटुरगा, बुलबुल आणि नशीब असेल तर एखादा धनेशही येतो. पिंपळाचे बी या पाखरांच्या विष्ठेतून दूरवर जाते; म्हणूनच तो भिंतीच्या भेगेत, विहिरीच्या कठड्यात, कुठेही उगवतो. आमच्या आवारातील पिंपळ कोणी लावला याची नोंद शाळेच्या दप्तरात नाही. तो एखाद्या हरोळीनेच लावला असावा, असा आमचा कयास आहे.

आता टिटवीकडे वळतो. काही वर्षांपूर्वीचा मार्च महिना होता. सहावीच्या वर्गात मौर्यकाळाची उजळणी चालू होती. सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख आम्ही समजावून सांगत होतो. राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर कोरविलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तिच्या आरंभीच पोपट आणि मैना येतात, पुढे चक्रवाक व हंस. इतकेच सांगून तो लेख थांबत नाही. ज्या भुशात जीव आहेत तो भुसा जाळू नये, आणि विनाकारण किंवा जीवहत्येसाठी रान पेटवू नये, असेही त्यात बजावले आहे. आपल्या कोकणात सोपारा येथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाचा लेख मिळाला, तो मात्र हा नव्हे; तो आठव्या शिलालेखाचा तुकडा. हा फरक आम्ही फळ्यावर लिहीत असतानाच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, मग आपल्या मैदानातलं गवत कशाला पेटवलंय?”

खिडकीबाहेर धूर होता. गवत आमच्याच सांगण्यावरून पेटविले होते. वार्षिक सफाई म्हणून दर मार्चमध्ये ते जाळीत असू; साप-विंचवांची भीती, वणवा बाहेरून आत येण्याचा धोका, अशी कारणेही तयार होती. त्या दिवशी धुरावर टिटव्यांची एक जोडी घिरट्या घालीत ओरडत होती. तास संपल्यावर आम्ही मुलांसह मैदानात गेलो. जमिनीतल्या किंचित खोलगट जागी, खड्यांच्या कडेत, चार अंडी होती. तीन काळवंडलेली, एक तडकलेले. मुलीने आमच्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले असते तर बरे झाले असते.

टिटवी, लावा, रातवा हे पक्षी झाडावर घरटे करीत नाहीत. त्यांचा संसार उघड्या जमिनीवर. कोकणात भाजावळीच्या निमित्ताने आणि कधी निव्वळ खोडीने लागणारे वणवे नेमके याच दिवसांत पेटतात. भाजावळ ही भातशेतीची जुनी रीत आहे. शेतकऱ्याने तरव्यासाठी राब जाळावा की नाही, हे घाटावरच्या पुस्तकांवरून आम्ही ठरविणार नाही. परंतु शाळेच्या मैदानावर भात पिकत नाही. तेव्हापासून तेथील गवत विळ्याने कापले जाते आणि वणव्यासाठी कुंपणालगत जाळरेषेचा पट्टा पावसाळा संपताच साफ केला जातो. त्यात श्रम अधिक आहेत, आणि ते मुलांबरोबर शिक्षकांनाही करावे लागतात, ही गोष्ट काही सहकाऱ्यांना अद्याप फारशी रुचलेली नाही.

अंडी गेली तर टिटवी पुन्हा घालते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच जोडीने पुन्हा चार अंडी घातली, ती नेमकी 14 एप्रिलच्या मंडपासाठी आखलेल्या जागेत. मंडप वसतिगृहाच्या बाजूला सरकवावा असे मुलांनी ठरविले. आम्ही फक्त मान डोलावली. जयंतीला आलेल्या एका पालकांनी मैदानात ओरडणारी टिटवी अशुभ, तिला हाकलून द्या, असे सुचविले. तेव्हा आठवीतल्या एका मुलाने त्यांना नम्रपणे सांगितले, “काका, तुम्ही तिच्या अंड्यांजवळ उभे आहात, म्हणून ती ओरडते. चार पावलं मागे या.” ते मागे आले. ओरडणे थांबले. अंधश्रद्धेवरील आमच्या कोणत्याही व्याख्यानाहून हा पाठ आटोपशीर झाला.

त्या महिन्यात मुलांनी आणखी एक गोष्ट टिपली. ऊन तापले की टिटवी वहाळाकडे उडत जाई आणि पोट भिजवून परत येई. ओल्या पिसांनी ती अंडी थंड ठेवी. अंडी उबवणे म्हणजे ऊब देणेच, ही आमची समजूत लोटे येथील उन्हात अपुरी ठरली. मेच्या आरंभी, सुट्टी लागलेली असताना, एका सकाळी अंडी नाहीशी झाली, टरफलही नव्हते. मुंगसाने नेली असे धरून आम्ही वहीत तशी नोंद केली. तीन दिवसांनी करवंदीच्या जाळीपाशी दोन पिल्ले पळताना दिसली. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर येताच चालू लागतात आणि आई-बाप टरफले दूर नेऊन टाकतात, हे आम्हांला नंतर वाचून कळले. वहीतील चुकीची नोंद खोडलेली नाही; तिच्याखाली दुसरी लिहिली आहे.

वैशाखात वहाळ आटतो आणि पाणी कोंडीपुरते उरते. चतुर पाहण्याचा हाच काळ, कारण सगळे एके ठिकाणी गोळा झालेले असतात. चतुर आणि टाचणी यांतील भेद प्रथम शिकावा. बसल्यावर पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, ते चतुर; पाठीवर मिटलेले आणि अंग सुईसारखे, ती टाचणी. लालभडक चतुर दगडावर बसून आपली हद्द राखतो. काळ्या-हिरव्या पट्ट्यांचा दुसरा एक इतका खादाड की आपल्याच जातभाईंना धरून खातो. वेडा राघू या दोघांनाही पकडून फांदीवर आपटतो. लहानपणी आम्हीही चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडविला आहे. वाचकांपैकी अनेकांनी तेच केले असेल.

चतुराचे खरे आयुष्य मात्र पाण्यात जाते. त्याची अळी डासांच्या अळ्या, बेडकांची पोरे, जे हाती लागेल ते खाते. तिचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असून तो झटक्यात पुढे फेकून ती भक्ष्य पकडते. पूर्ण वाढ झाली की गवताच्या काडीवर चढून कात टाकते. ती रिकामी कात काडीला चिकटून राहते. मुलांना आम्ही चतुर नव्हे, ती कात गोळा करायला सांगतो. भारतातील चतुरांचा पहिला मोठा ग्रंथ फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरने 1933 ते 1936 या काळात तीन खंडांत सिद्ध केला. डासांशी ज्यांचा धंद्यानेच संबंध, अशा माणसाला चतुरांची ओढ लागावी, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

मुलांना आम्ही दोन पाण्यांवर नेतो. एक गावाच्या वरच्या अंगाची कोंड. दुसरा सखल भागातला, रंग आणि वास बदललेला नाला. पहिल्या ठिकाणी वहीचे पान भरते. दुसऱ्या ठिकाणी बहुतेक एकच जात आढळते, नारिंगी पंखांचा एक लहान चतुर. घाणेरडे पाणी सोसणारी म्हणून ही जात प्रसिद्ध असून तिच्या शास्त्रीय नावातच ‘दूषित’ हा शब्द आहे. तो चतुर दिसला म्हणजे पाणी वाईट, असे मात्र मुलांनी लिहू नये. तो चांगल्या पाण्यावरही बसतो. नोंद करायची ती इतरांच्या अनुपस्थितीची. जे नाही ते लिहून ठेवणे हा इतिहासाचाही भाग आहे, आणि तो आमच्या लोकांइतका कोणास ठाऊक असणार? पाणी कोणामुळे बिघडले हे वहीत लिहिता येत नाही, कारण ते आम्ही पाहिलेले नाही. कोणत्या तारखेला तेथे काय उडत होते आणि काय नव्हते, एवढे लिहिता येते. ते लिहिले आहे.

ज्येष्ठात पावशा ओरडू लागतो. पहिल्या सरींच्या सुमारास नवरंग येतो. पाचोळ्यात उड्या मारणारा हा रंगीत पक्षी दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. आणि मग एका संध्याकाळी मैदानावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे तरंगतात. ही भटकी जात पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत दीड-दोन महिन्यांत वाढते. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याचा तुटवडा असताना दर ऑक्टोबरात हे चतुर कोठून येतात, असा प्रश्न चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला पडला. ते भारताकडून वाऱ्यावर समुद्र ओलांडतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे त्याने 2009 साली मांडले. बोटभर लांबीचा कीटक!

माजी विद्यार्थी आणि पालकांना एक विनंती आहे. पावशाची पहिली हाक आणि या पिवळ्या चतुरांचा पहिला थवा आपल्या गावी कोणत्या तारखेला आला, ते गावाच्या नावासह शाळेच्या पत्त्यावर कळवावे. ऐकीव तारीख नको. स्वतः पाहिलेली हवी. वहीत मंडणगड, दापोली, गुहागर आणि संगमेश्वरासाठी पाने राखून ठेवली आहेत. मुंबईच्या चाळीच्या गच्चीवर थवा दिसला तरी चालेल. त्यासाठीही एक पान आहे.