टेंडर भरण्याआधी माझं थोडं ऐक

अगं, काल फोनवर तू म्हणालीस ना, ‘ताई, सगळ्यांपेक्षा कमी दर टाकू, म्हणजे काम आपलंच,’ तेव्हाच तुला थांबवणार होते. सिक्युरिटीच्या टेंडरात दर पाडायला जागाच कुठं असते? गार्डचं किमान वेतन सरकार ठरवतं. राज्याचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्यावर पीएफचे मालकाकडचे, प्रशासन शुल्क धरून, 13 टक्के, ईएसआयचे 3.25, बोनसचे 8.33. यातलं काहीच तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात फक्त सेवाशुल्क. तेही सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मनुष्यबळाच्या कामात 3.85 टक्क्यांच्या खाली नेता येत नाही, म्हणून सगळेच त्याच आकड्यावर येऊन बसतात. दुसरीकडे जो त्याहून कमी टाकतो तो गार्डच्या पगारातून काढतो, हे टेंडर उघडणाऱ्या बाबूलाही कळतं.

तेव्हा दराचं बाजूला ठेव. आधी हे पाहा की ते काम आपल्याकडे येऊ तरी शकतं का. सरकारी कार्यालयासमोर खाजगी एजन्सीशिवाय दुसऱ्या वाटाही असतात. 2010 च्या कायद्यानं राज्य सुरक्षा महामंडळ आलं. 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर कामापासून दूर राहिले आणि त्यानंतर सरकारी रुग्णालयांत याच महामंडळाचे जवान दिसू लागले. माजी सैनिकांचं मेस्को आहे. 1981 च्या कायद्याखालची सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. जिथं मंडळाची योजना लागू आहे तिथं एजन्सीच्या गार्डना सूट घ्यावी लागते. केंद्राच्या उपक्रमांत तर माजी सैनिकांच्या, पुनर्वसन महासंचालनालयाकडे (डीजीआर) नोंदलेल्या एजन्सीच पुढं असतात. वाशिमच्या कामगार कार्यालयात एकदा जाऊन हे स्पष्ट करून घे. आठ दिवस कागद गोळा करायचे आणि मग कळायचं की हे आपल्यासाठी नव्हतंच, हे काहून सोसायचं?

परवान्याचंही तसंच. पसारा कायद्यात, म्हणजे 2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यात, एका जिल्ह्याची फी 5 हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत 10 हजार, अख्ख्या राज्याची 25 हजार. वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्यात बसून एका जिल्ह्याचा परवाना घेणं मला पटत नाही. मूर्तिजापूरला गेलीस की अकोला जिल्हा, दारव्ह्याला गेलीस की यवतमाळ. आणि अमरावती विभागात जिल्हे नेमके पाचच! दहा हजारांत अख्खं वऱ्हाड कागदावर येतं. परवाना पाच वर्षं चालतो, म्हणजे हा खर्च जाणवणारही नाही. गार्डना मात्र खरंच शिकव. नव्या माणसाला 160 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, माजी सैनिकाला त्याहून बरंच कमी. नुसतं प्रमाणपत्र छापून घेणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

आता हिशेब. यात भले भले फसतात, बाप्पा. टेंडरात लिहिलेलं असतं ‘एक पॉइंट, चोवीस तास’. तू तीन गार्ड धरतेस. आठ तासांच्या तीन पाळ्या, महिन्याच्या 90 ड्यूट्या. एक माणूस साप्ताहिक सुट्टी घेऊन 26 करतो. म्हणजे साडेतीन माणसं लागली. तो अर्धा माणूस, रिलिव्हर, दरात धरलाय का, हे टेंडरच्या तक्त्यात शोध. नसेल तर प्री-बिड मीटिंगमध्ये लेखी विचार. नाहीतर दिवाळीत कुणी सुट्टीवर गेला की तुझ्या नवऱ्याला काठी घेऊन गेटवर उभं राहावं लागेल.

आणि पैसा. समज, 20 गार्ड, माणशी सगळं धरून 20 हजार. महिन्याचे 4 लाख. 3.85 टक्क्यांनी तुझे 15,400. बिल तीन महिने अडकलं तर तुझे 12 लाख बाहेर. ते 12 टक्क्यांनी उचललेस तर व्याजच महिन्याला 12 हजार. उरले 3,400, त्यात युनिफॉर्म, शिट्ट्या, तुझं पेट्रोल. पगार तर वेळेवर द्यायचाच, आणि पीएफ-ईएसआय पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचंच, बिल येवो न येवो. उद्यम नोंदणी असली की 45 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क कायद्यात आहे, पण ज्याच्याकडून पुढच्या वर्षी काम हवंय त्याच्यावर दावा कोण लावणार? म्हणून पहिल्या वर्षी सहा-आठ गार्डांचंच काम बघ. जीएसटी लागतो की माफ, हे प्रत्येक टेंडरला सीएला वेगळं विचार. नगरपरिषदेच्या काही कामांना माफी असते, आणि त्यावरून वादही होतात.

अनुभव नाही म्हणून घाबरू नकोस. जिनिंग, शाळा, मंगल कार्यालय, बाजार समितीचा एखादा व्यापारी, जिथं मिळेल तिथं सुरुवात कर. पण वर्क ऑर्डर म्हणजे अनुभव नव्हे. काम संपलं की प्रमाणपत्र माग. त्यात किती गार्ड, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि ‘काम समाधानकारक’ हे तिन्ही हवं. पीएफच्या चलनासोबतच्या यादीतली नावं हजेरीपटाशी जुळली पाहिजेत. बहुतेक फायली इथंच पडतात, लिखाणाच्या चुकांमुळे नव्हे.

लिखाणाचं विचारलंस म्हणून सांगते. त्यांचा नमुना असेल तर त्यांचाच वापर, शब्दही बदलू नकोस. पात्रतेच्या अटी ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं कागद लाव, पानांवर नंबर टाक, सुरुवातीला अनुक्रमणिका. नियोजन मागितलं असेल तर नेटवरून उतरवलेली दहा पानं नकोत. उपजिल्हा रुग्णालयाचं टेंडर निघालं असं धर, तर आधी रात्री अकराला तिथं जाऊन ये. अपघात विभागात गर्दी केव्हा होते, मागचं फाटक उघडं राहतं का, प्रसूती कक्षाजवळ बाई गार्ड आहे का, हे बघ आणि दोनच पानांत लिही. माझी खात्री आहे, वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही बाई येऊन गेलीय.

डिजिटल सहीचं टोकन शेवटच्या दिवशी पहिल्यांदा लावू नकोस. महाटेंडर्स पोर्टलचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. तांत्रिक आणि दराचा, दोन्ही लिफाफे आदल्या दिवशीच चढव. बयाण्यातून सूट हवी असेल तर उद्यमचं प्रमाणपत्र जोड, पण ती सूट त्या टेंडरात मान्य आहे का, हे वाचून मगच.

आणि नाही मिळालं, तर लॉगआउट करून मोकळी होऊ नकोस. तांत्रिक छाननीचा निकाल पोर्टलवर टाकतात. कोणाची फाईल कोणत्या अटीवर पडली, ते वाचून मला व्हॉट्सअ‍ॅप कर. रविवारी मी मोकळी असते.