कार्ब्युरेटरचे पॅकिंग आणि लाल पेस्ट

प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर यांसारख्या जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे ठरावीक प्रमाणात मिश्रण करून इंजिनाला पुरवणारा भाग, खोलून पुन्हा जोडताना सांध्यांत बसवायचे पातळ पॅकिंग शक्यतो कोरडेच ठेवावे लागते. परंतु बिदर-कलबुर्गी पट्ट्यातील काही गॅरेजांत हा नियम धाब्यावर बसवला जातो आणि त्याचा भुर्दंड मात्र गाडीमालकाला सोसावा लागतो.

भालकीकडील एका पद्मिनीच्या मालकाने सिलिकॉन लावू नये असे आधीच बजावलेले असतानाही मिस्त्रीने, कोरडे पॅकिंग गळते असे सांगून, फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याच्या, झाकणाला सिलिकॉनचीच लाल पेस्ट सढळ हाताने फासली. पुढे गाडी चढावर दम सोडू लागली, तेव्हा पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे ठामपणे सांगून टाकी धुण्याचे पैसेही वसूल केले गेले. मालकाच्या आग्रहामुळे अखेर झाकण उघडले, तर तळाशी पाण्याचा थेंबही नव्हता. मेन जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या, तोंडाशी फुगलेला, बोटाने दाबताच चुरगळणारा लाल तुकडा अडकलेला होता. तो डोळ्यांसमोर असूनही मिस्त्रीने ना चूक कबूल केली, ना पैसे परत केले.

यामागील कारण स्पष्ट आहे. हवेतील ओलाव्याने घट्ट होणारे साधे सिलिकॉन उष्णता सोसते, म्हणून ते इंजिनावरील इतर काही सांध्यांना चालते. मात्र पेट्रोल शोषून ते फुगते आणि त्याचे तुकडे सुटतात. लाखेपासून बनणारे शेलॅक पेट्रोलला दाद देत नाही, म्हणून जुने कारागीर ते वापरत. परंतु ते अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे ऊस व धान्यापासून काढलेले अल्कोहोल, मिसळले जात असल्याने तो उपायही आता भरवशाचा राहिलेला नाही.

म्हणून प्रथम सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग जाड सपाट काचेवर ठेवून वाकले आहेत का ते पाहावे, कारण स्क्रू अतिघट्ट केल्याने वाकलेले झाकण कोणतीही पेस्ट सरळ करू शकत नाही. पॅकिंग मूळ जाडीचे, पेट्रोल व इथेनॉल दोन्हींना टिकणारे घ्यावे आणि स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. पेस्ट अगदी अपरिहार्य असेल, तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकते असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलीच, केवळ मॅनिफोल्डकडील, म्हणजे मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीकडील, सांध्याला अत्यंत पातळ लावावी. फ्लोट चेंबरच्या झाकणाला कोणतीही लावू नये. कामाच्या वेळी जवळ उभे राहावे, बदललेले सुटे भाग मागून घ्यावेत आणि पावतीवर काय लावले ते लिहून घ्यावे. जो मिस्त्री हे लिहून देण्यास नकार देतो, त्याच्या हाती जुनी गाडी देऊ नये.