चिमटे लावण्याआधी

कोथरूड, पुणे ३८

चि. चिऊस,


जंप स्टार्टरचे, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी उठवणाऱ्या डब्यांचे, तीन फोटो मिळाले. खाली प्रश्न एवढाच: "मामा, यातला कुठला?" मोबाईलवर एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण मग तू तो डबा मागवशील, डिकीत टाकशील आणि गरजेच्या दिवशी तो उपयोगी पडणार नाही. म्हणून हे पत्र.

आधी गाडीचं दुखणं बघू. सेल्फ मारल्यावर टक्-टक्-टक् आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, म्हणजे बॅटरी उतरली, हे तुझं निदान बरोबर. पण उतरली का? घरून काम, त्यामुळे गाडी जेमतेम भाजीपुरती निघते. वर तो डॅशकॅम पार्किंगमध्येही जागा असतो. सगळं मिळून ५० मिलिअँपिअर जरी सतत ओढले गेले, तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, पंधरा दिवसांत १८. तुझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे तू पंधरा दिवस गावाला गेलीस तेवढ्यात निम्मी रिकामी. २०२०च्या लॉकडाउननंतर आमच्या सोसायटीत हेच झालं होतं. एकच जंपर केबल होती, ती लग्नाच्या पातेल्यासारखी या घरून त्या घरी फिरत होती.

तेव्हा डबा घेण्याआधी बॅटरीच्या दुकानात जाऊन लोड टेस्ट करून घे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ठीक. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना आकडा १४च्या जवळ जायला हवा. तो १३च्या वर सरकतच नसेल तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटर दाखव. बॅटरीला चार-पाच वर्षं झाली असतील आणि ती लोड टेस्टमध्ये टिकत नसेल तर सरळ बदल. जुनी दुकानदाराला परत दे, शिशाचे पैसे वजा होतात.

हे सगळं ठीक निघालं, तरी तुला डबा घे असंच मी म्हणेन. तुझी गाडी दुसऱ्या बेसमेंटमध्ये भिंतीला नाक लावून उभी असते, दुसरी गाडी तिच्या तोंडाशी आणता येत नाही. ऑटोमॅटिक असल्यामुळे धक्का स्टार्टही नाही.

आता फोटोंकडे वळू. पहिल्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '२००० अँपिअर पीक' आहे. पीक म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा आकडा. सेल्फला दोन-चार सेकंद सलग ताकद लागते. तुझ्या १२०० सीसी पेट्रोल इंजिनाला साधारण दीड-दोनशे अँपिअर पुरतात. दादाच्या डिझेलला त्याच्या दुप्पट धर, कारण डिझेलमध्ये हवा फार जास्त दाबावी लागते. म्हणून 'स्टार्टिंग करंट' वेगळा छापलाय का ते बघ. तुझ्यापुरता ३०० खूप झाला. दादाचीही गाडी उठवायची असेल तर ५००-६००चा घे. नुसता पीकच छापणारा डबा बाजूला ठेव.

दुसऱ्यावर '२०००० एमएएच' आहे, आणि मागच्या फोटोत बारीक अक्षरात ३७ वॉट-अवर. लिथियम सेल ३.७ व्होल्टचा. ३७ला ३.७ने भाग: १० अँपिअर-अवर, म्हणजे १०००० एमएएच. पुढच्या बाजूला दुप्पट लिहिलंय. असल्या डब्याच्या बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास का ठेवायचा?

तिसरा १२००० एमएएच आणि ४४.४ वॉट-अवर सांगतो. हिशेब जुळतो. १०० वॉट-अवरच्या आत असल्यामुळे विमानात हातातल्या बॅगेतून नेण्याच्या मर्यादेतही बसतो. पण घेण्याआधी नाना पेठेतल्या एखाद्या स्पेअर पार्टच्या दुकानात असला डबा हातात घेऊन बघ. चिमट्यांच्या वायरी आखूड आणि जाड हव्यात. चिमटे उलटे लागले तर डब्याने करंट सोडायला नकार द्यायला हवा. बऱ्याच डब्यांवर 'बूस्ट' बटण असतं, बॅटरी अगदीच मेलेली असेल तेव्हासाठी. ते दाबलं की ही राखण बहुधा उठते, म्हणून लाल-काळं दोनदा तपासल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

ठेवायचा कुठे? डिकीत नाही. तुझ्या गाडीची डिकी विजेच्या बटणावर उघडते. बॅटरी मेली की डबा आत आणि तू बाहेर! शिवाय एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या उन्हात उभ्या गाडीत जी भट्टी तापते ती लिथियमला मानवत नाही. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की खराब होते, लिथियमची तापून. घरात चपलांच्या कपाटावर ठेव, लांबच्या प्रवासाला पिशवीतून ने आणि दर तीन महिन्यांनी चार्ज कर.

लावताना लाल चिमटा अधिक टर्मिनलला, काळा इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून जरा दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नकोस. नाही उठली तर अर्धा मिनिट थांब. उठली की आधी काळा काढ, मग लाल. आणि लगेच बंद करून वर जाऊ नकोस. डब्याने फक्त इंजिन उठवलं, बॅटरी रिकामीच आहे. तास-दीड तास गाडी फिरव, नाहीतर दुकानात चार्जिंगला लाव.

तिसरा घे. पण आल्यावर तो पहिल्यांदा रात्री अकराला, बेसमेंटमध्ये, मोबाईलच्या उजेडात उघडू नकोस. रविवारी दुपारी गाडी घेऊन इकडे ये. बॉनेट उघडून तू लाव, मी नुसता बघत उभा राहीन. चुकलीस तर ओरडेन, तेवढी तयारी ठेव. मामी तोवर पुरणपोळ्या करते म्हणाली आहे.

तुझा,
मामा