अर्थतज्ज्ञालाही उस्ताद लागतो

जरीकाम असो, सुतारकाम असो की चामड्याचे काम, उस्तादाच्या हाताखाली बसल्याशिवाय शागीर्द तयार होत नाही, हे आमच्या कारागीर बांधवांना सांगायला नको. अर्थशास्त्राचेही असेच आहे. पदवी कॉलेजात मिळते; पण कोणता प्रश्न अभ्यासाला घ्यावा, निबंध कोठे पाठवावा, जागा कोठे निघतात, हे जाणत्याकडूनच कळते. ज्याच्या नात्यागोत्यात असा जाणता नाही, तो हुशार असूनही मागे पडतो.

व्यापाऱ्याला याचे काय? कर्ज, कर आणि मजुरीची धोरणे अर्थतज्ज्ञांच्या अहवालांवर ठरतात. नगावरची मजुरी कशी ठरते, उधारी किती महिने अडकते, हे ज्याने घरात पाहिले तो नेमका प्रश्न विचारतो. २००६ च्या सच्चर अहवालाने मुस्लिमांतील स्वयंरोजगाराचे मोठे प्रमाण आणि बँक कर्जातील त्यांचा अल्प वाटा आकड्यांनिशी मांडला. त्या समितीचे सदस्य-सचिव अर्थतज्ज्ञ डॉ. अबूसालेह शरीफ होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पाहा. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या छात्रवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२० मध्ये लंडनला परतताना कोल्हापूरचे शाहू महाराज आणि पारशी मित्र नवल भथेना यांनी मदत केली. त्यांच्या १९२३ च्या रुपयाविषयीच्या ग्रंथाला लंडनचे प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. काही मुद्दे आपल्याला मान्य नाहीत, हेही त्यांनी तीत नोंदवले. मतभेद असूनही शागीर्दाच्या पाठीशी उभा राहतो तो खरा उस्ताद.

गोरेगाव पूर्वेला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तेथे अर्थशास्त्रात एम.एस्सी. आणि पीएच.डी. करता येते. जोगेश्वरी-गोरेगावच्या गाळ्यांतून ती रिक्षाच्या अंतरावर आहे. तेथे प्रवेश कसा मिळतो, याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली?

आमच्या मते चार गोष्टी लगेच करता येतील :

१) मुला-मुलींचे गणित दहावीनंतर सोडवू नका. पुढे अर्थशास्त्रात त्यावाचून अडते.

२) पदवीच्या दुसऱ्या वर्षीच विद्यार्थ्याने एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाला पत्र लिहून वेळ मागावा आणि जाताना आपला प्रश्न कागदावर मांडून न्यावा.

३) शिकून पुढे गेलेल्यांनी महिन्यातून एक तास तरी एका नवख्याला द्यावा. त्याचे लिखाण तपासावे, शिफारसपत्र द्यावे. मुलींनाही तितकाच वेळ मिळावा.

४) व्यापाऱ्यांनी अभ्यासासाठी आपला कारखाना आणि वहीखाते खुले करावे, नाव गुप्त ठेवण्याची अट घालावी. जमातींनी प्रवासखर्च आणि पुस्तकांचा भार उचलावा. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद छात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाल्याने ही गरज वाढली आहे.

आपल्या धंद्याचा हिशेब देशापुढे नीट मांडणारी मुले आपल्याच मोहल्ल्यातून निघतील, इन्शाअल्लाह. त्यांना उस्ताद मिळवून देणे आपले काम आहे.