रिकामी गाय लवकर ओळखावी कशी? : गर्भधारणेची दर्शक द्रव्ये व त्यांचा अर्थ

दुभत्या जनावरांच्या धंद्यात एक खर्च असा आहे की, जो जमाखर्चाच्या वहीत कधीच लिहिला जात नाही. तो म्हणजे जनावराच्या रिकाम्या दिवसांचा खर्च होय. गाय भरवावी, पुढे ती माजावर आल्याचे कोणाच्या दृष्टीस पडू नये, तेवढ्यावरून ती गाभण आहे असे धरून चालावे, आणि तीन महिन्यांनी पशुवैद्यकाने हात घालून पाहता गर्भाशय रिकामे निघावे, हा अनुभव बहुतेक गोपालकांस केव्हा ना केव्हा आलेला असतो.

ह्या अनुभवाची किंमत तारखांवरून काढून पाहावी. १ जूनला भरवलेली गाय फळली नाही, तर ती २२ जूनच्या सुमारास उलटावयास पाहिजे. तो माज रात्री येऊन गेला किंवा मुका राहिला, तर पुढचे माज १३ जुलै, ३ ऑगस्ट व २४ ऑगस्टच्या आसपास येतात. तपासणी ३० ऑगस्टला झाली, तर तोवर चार संधी गेलेल्या असतात आणि पुढची संधी १४ सप्टेंबरची. जे काम २२ जूनला झाले असते ते ८४ दिवस पुढे गेले. तितकाच पुढे भाकड काळ लांबतो. भाकड गाईच्या वैरणीस दिवसाला १५० रुपये धरले, तरी ही रक्कम १२,६०० रुपये होते. वासरू व दूध लांबले ते वेगळेच.

आपल्याकडे कृत्रिम रेतनाच्या एका प्रयत्नात साधारणतः तीन जनावरांपैकी एकच गाभण राहते. म्हणजे भरवलेल्या जनावरांत रिकामीच अधिक. हे ध्यानात घेतले म्हणजे गाभण कोणती ह्यापेक्षा रिकामी कोणती, हे लवकर कळण्याचे महत्त्व अधिक का, ते पटेल. गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी ह्या कामी दूध व रक्त ह्यांतील काही द्रव्यांचा उपयोग करून घेतला आहे. शरीरातील एखाद्या अवस्थेची साक्ष देणाऱ्या अशा द्रव्यास दर्शक द्रव्य म्हणतात. ह्या साक्षी खऱ्या असतात. परंतु प्रत्येक साक्षीदार ठराविक प्रश्नाचेच उत्तर देऊ शकतो. त्यास दुसराच प्रश्न विचारला, तर घोटाळा होतो.

शरीरात काय घडते

गाईचे ऋतुचक्र सरासरी २१ दिवसांचे असते; १८ ते २४ दिवसांचा फरक स्वाभाविक समजावा. माज ओसरल्यानंतर सुमारे १० ते १२ तासांनी बीजांडकोशातून बीज सुटते, व ज्या ठिकाणाहून ते सुटले तेथे पिवळसर गाठ तयार होते. हिला पीतपिंड म्हणतात. पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. हे संप्रेरक गर्भाशयास गर्भ सांभाळण्यायोग्य ठेवते आणि नवा माज येऊ देत नाही.

गर्भ नसल्यास सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सुटते व ते पीतपिंड मोडून टाकते. प्रोजेस्टेरॉन घसरते आणि गाय पुन्हा माजावर येते. गर्भ असल्यास तो ह्याच वेळी इंटरफेरॉन-टाउ हे द्रव्य सोडून आपण असल्याची वर्दी गर्भाशयास देतो. मग प्रोस्टाग्लँडिन सुटत नाही व पीतपिंड टिकतो. सारांश, भरवल्यानंतर एकविसाव्या दिवशी पीतपिंड मोडलेला आहे की टिकून आहे, हे कळले तर पुष्कळ काम झाले.

दुधातील साक्ष

प्रोजेस्टेरॉन रक्तातून दुधातही उतरते. गाईच्या दुधातील त्याचे प्रमाण ऋतुचक्राबरोबर कसे चढते-उतरते, ह्याविषयीचे लेंग व हीप ह्या शास्त्रज्ञांचे संशोधन इंग्लंडमध्ये १९७१ साली प्रसिद्ध झाले, व लवकरच त्यावरून गाभणपणाची परीक्षा करण्याची रीत निघाली. हे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. माजाच्या दिवशी एक मिलिलिटर दुधात हे संप्रेरक साधारणतः दोन-तीन नॅनोग्रॅमपेक्षा कमी असते. पीतपिंड पूर्ण वाढल्यावर ते दहाच्या वर जाते. इतका ठळक फरक असल्यामुळे परीक्षा विश्वसनीय ठरते. नेमकी मर्यादा मात्र परीक्षा-संचाबरोबर दिलेल्या पत्रकावरूनच घ्यावी.

भरवल्याचा दिवस शून्य धरून २१ ते २४ व्या दिवसांच्या दरम्यान दुधाचा नमुना तपासतात. प्रमाण कमी आढळल्यास गाय रिकामी आहे, हा निष्कर्ष शंभरांत ९५ हून अधिक वेळा खरा ठरतो. प्रमाण अधिक आढळल्यास गाय गाभण आहे, हा निष्कर्ष मात्र शंभरांत ७५ ते ८५ वेळाच खरा ठरतो. असा भेद का पडावा? पीतपिंड नसेल तर गर्भ तगूच शकत नाही. म्हणून ‘नाही’ हे उत्तर पक्के. परंतु पीतपिंड असण्यास गर्भाशिवाय इतर कारणेही असतात. गर्भाशयात पू साठला असेल तर पीतपिंड टिकतो. एखाद्या गाईचे ऋतुचक्रच २४ दिवसांचे असेल, तर एकविसाव्या दिवशी तिचा पीतपिंड नुकताच मोडू लागलेला असतो. गर्भ राहून पुढे मरण्याचीही शक्यता असतेच. तेव्हा अधिक प्रमाणाचा खरा अर्थ ‘गाय गाभण आहे’ असा नसून ‘गाय आज माजावर नाही’ एवढाच होय. कार्यकर्त्यांनी गोपालकास हा निकाल सांगताना शब्द जपून वापरावेत. ‘गाभण असण्याचा संभव आहे, दीड-दोन महिन्यांनी तपासून खात्री करू’ असे सांगणे योग्य.

ह्या परीक्षेचा आणखी एक उपयोग आहे व माझ्या मते तो अधिक दुर्लक्षित आहे. भरवण्याच्याच दिवशी दूध तपासावे. त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन अधिक निघाले, तर गाय माजावर नव्हतीच, व ते रेतन वाया गेले हे निश्चित. गाय हंबरली किंवा दूध चोरले एवढ्यावरून सेवकास बोलावणे धाडण्याची चाल आपल्या गावांत पुष्कळ आहे. दोन-तीनदा उलटलेल्या गाईत दोष गाईचा की माज ओळखण्याचा, हे ह्या एका नमुन्याने स्पष्ट होते. शून्य दिवशी कमी व एकविसाव्या दिवशीही कमी, तर माज खरा होता पण गर्भ राहिला नाही किंवा लगेच गेला. शून्य दिवशीच अधिक, तर औषधोपचाराआधी माज पाहण्याची पद्धत सुधारावी. उन्हाळ्यात मुक्या माजाच्या म्हशींबाबत तर ह्या दोन नमुन्यांची जोडी फार उपयोगी पडते.

दूध न देणाऱ्या कालवडीचे रक्त घ्यावे लागते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गाईच्या रक्तातील तांबड्या पेशी प्रोजेस्टेरॉनचा नाश करतात. रक्ताची नळी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत काही तास राहिली, तर प्रमाण खोटेच कमी दिसते व गाभण कालवड रिकामी ठरते. म्हणून रक्त ताबडतोब बर्फावर ठेवावे व त्यातील द्रव लवकर वेगळा करून घ्यावा.

वारेतील द्रव्य

दुसरे दर्शक द्रव्य गर्भाच्या बाजूचे, म्हणून अधिक थेट आहे. वार तयार होऊ लागली की तिच्यातील दोन केंद्रकांच्या विशिष्ट पेशी काही प्रथिने आईच्या रक्तात सोडतात. त्यांस पीएजी म्हणतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली गाईच्या वारेतून असे एक प्रथिन वेगळे केले, व १९८६ साली त्यावर आधारलेली रक्तपरीक्षा प्रसिद्ध झाली. आता रक्ताप्रमाणेच दुधावरही ही परीक्षा करतात. गाय भरवल्यापासून २८ दिवस झाल्याशिवाय ती करू नये. म्हशीसाठी गाईची मुदत जशीच्या तशी लावू नये. संचाच्या पत्रकात म्हशीचा स्पष्ट उल्लेख असेल तरच तो वापरावा.

ह्या साक्षीदाराचेही दोन दोष आहेत. गर्भ मेल्यावरही ही प्रथिने काही दिवस रक्तात राहतात, त्यामुळे त्या काळात रिकामी गाय गाभण दिसते. तसेच व्याल्यानंतर सुमारे दोन महिने मागच्या गाभणपणाचा अंश राहतो. लवकर भरवलेल्या गाईत तो घोटाळा करतो. नमुन्याबरोबर शेवटच्या वेताची तारीख मागतात ती ह्याकरिताच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाय रिकामी ठरली म्हणजे पुष्कळदा प्रोस्टाग्लँडिनची सुई देऊन तिला माजावर आणतात. हेच द्रव्य पीतपिंड मोडते, हे वर सांगितले आहे. गाय प्रत्यक्षात गाभण असेल तर पहिल्या पाच महिन्यांत ह्या सुईने ती गाभडते. भरवल्याची तारीख चुकीची सांगितली व परीक्षा २८ दिवसांऐवजी बाविसाव्या दिवशीच झाली, तर ‘रिकामी’ असा खोटा निकाल येऊन नेमके हेच घडू शकते. म्हणून बाजारातील पट्टीवर स्वतः परीक्षा करून, त्या भरवशावर कोणाकडून तरी सुई टोचून घेणे ह्यासारखा अविचार नाही. सुईचा निर्णय पशुवैद्यकाने तपासून घ्यावयाचा आहे. प्रोजेस्टेरॉन कमी असल्याने रिकामी ठरलेल्या गाईस तर बहुधा सुईची गरजच नसते. तिचा माज तोंडावर आलेला असतो, नीट पाहणे पुरे.

इंटरफेरॉन-टाउमुळे आईच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत काही जनुके अठराव्या ते विसाव्या दिवशी अधिक कार्यशील होतात. त्यांवरून आणखी लवकर निदान करण्याचे प्रयोग चालू आहेत. गोठ्यावर वापरण्याजोगी रीत म्हणून त्यांकडे सध्या पाहू नये.

भरवण्यापूर्वी भाकीत करता येते काय?

हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कारण भ्रूण प्रत्यारोपणासाठी दात्या गाई निवडताना एएमएच नावाच्या द्रव्याची रक्तपरीक्षा होते, अशी वार्ता खेड्यांपर्यंत पोहोचली आहे. हे द्रव्य बीजांडकोशातील लहान, वाढत्या पुटिकांच्या पेशी निर्माण करतात. ते अधिक असेल तर बीजांडकोशात पुटिका अधिक, व अशा गाईकडून बीजे अथवा भ्रूण अधिक मिळण्याचा संभव असतो. ब्राझीलमध्ये एकाच व्यवस्थापनाखाली ठेवलेल्या होल्स्टीन व गीर कालवडी आणि मुऱ्हा रेड्या ह्यांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत गीर कालवडींत पुटिकांची संख्या व हे द्रव्य दोन्ही अधिक आढळली. परंतु एएमएच संख्या सांगते, यश सांगत नाही. स्त्रियांच्या वंध्यत्वोपचारातही हे द्रव्य मोजतात, आणि तेथेही त्यावरून बीजे किती मिळतील ह्याचा अंदाज येतो. मूल होईल की नाही, हे ठरत नाही. नेहमीच्या रेतनासाठी ह्या परीक्षेवर पैसा घालविण्याचे गोपालकास कारण नाही.

याचे कारण असे की, निरोगी गाय योग्य वेळी भरवली तर दहांपैकी आठ-नऊ वेळा बीज फलित होतेच. नुकसान होते ते पुढे. पुष्कळसे भ्रूण पहिल्या अडीच आठवड्यांतच, गाईस वा मालकास पत्ता न लागता मरतात. उष्णता, गर्भाशयाचा दाह, व्याल्यानंतर खालावलेली प्रकृती, ऊर्जेची तूट ही त्याची परिचित कारणे होत. ती भरवण्यापूर्वीच्या रक्ताच्या एका थेंबात एकत्र वाचता येतील, असे द्रव्य आज हाती नाही.

नमुना घेताना

दुधातील प्रोजेस्टेरॉन स्निग्धांशाबरोबर राहते. धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ व शेवटचे दाट असते, म्हणून एकाच गाईचे दोन नमुने निरनिराळ्या वेळच्या धारेचे घेतल्यास तुलना फसते. दोन्ही वेळा शेवटच्या धारांचे किंवा दोन्ही वेळा पूर्ण काढलेल्या दुधातील ढवळून घेतलेले दूध घ्यावे. कास पुसून, स्वच्छ कोरड्या बाटलीत नमुना भरावा. तो त्याच दिवशी पोहोचविता येत नसेल, तर प्रयोगशाळेने दिलेली परिरक्षक गोळी टाकून थंड जागी ठेवावा. बाटलीवर गाईचा कानातील बिल्ल्याचा क्रमांक, शेवटच्या वेताची तारीख, भरवल्याची तारीख व नमुन्याची तारीख ह्या चारही गोष्टी न पुसणाऱ्या शाईने लिहाव्यात. जेथे ही सोय नसेल तेथे भरवल्यानंतर १८ व्या ते २४ व्या दिवसापर्यंत पहाटे, दुपारी व रात्री निजण्यापूर्वी अशी तीन वेळा गाय पाहावी, बळस व शेपटीखालचे डाग तपासावेत, आणि माज न दिसल्यास साठाव्या दिवसाची तपासणी चुकवू नये.