टेनिस संघटनेचा हिशेब मागता येतो का?

प्रश्न : मी आमच्या टेनिस संघटनेचा सभासद. स्पर्धांची प्रवेश फी, देणग्या जमा होतात. हिशेब विचारला की सचिव म्हणतात, ‘सरकारी अनुदान नाही, मग हिशेब कुणाला द्यायचा?’ हे खरे आहे का?
– एक सभासद, महाड

उत्तर : नाही. अनुदानाचा इथे संबंधच नाही. संघटना १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर महाराष्ट्रात तिला १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू होतो. ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत त्यांचे लेखापरीक्षण व्हावे लागते. अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. रायगडसाठी ते अलिबागला आहे.

लगेच वकील गाठू नका. आधी सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वार्षिक सभेत ताळेबंद मागा आणि प्रवेश फीची पावतीपुस्तके त्याच्याशी ताडून पाहा. तफावत बहुधा तिथेच सापडते, आणि पुष्कळदा ती अफरातफर नसते, नोंदी ठेवण्याचा आळस असतो. दाद मिळालीच नाही, तर अलिबागला अर्ज करून नकला मागा. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज दिला होता का, हेही तिथे कळेल.

मात्र पुरावा हाती येईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचे नाव घेऊ नका. अब्रुनुकसानीचा दावा अंगाशी येतो. हिशेब मागणे हा सभासदाचा हक्कच आहे. निर्धास्तपणे अर्ज द्या.